गाईचे मागचे पाय

२३ नोव्हेंबर १९९८, सोमवार, क्लीथॉर्प्स

गाईचे मागचे पाय. बेचाळीस वर्षं रंगभूमीवर काढल्यावर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझ्या वाट्याला काय आलं, तर गाईचे मागचे पाय. पुढचेसुद्धा नाहीत. पुढच्या पायांना निदान डोकं असतं, शिंगं असतात, पापण्या मिटायची दोरी असते. मागच्यांना शेपूट, आणि वाकून समोरच्याची कंबर धरायची.

निर्मात्याच्या पत्रात लिहिलं आहे, 'श्री. रोलंड पास्क यांच्या खास आग्रहावरून आपली निवड करण्यात येत आहे.' म्हणजे मला गाईत कोंबायला त्याने आग्रह धरला. पस्तीस वर्षं वरून खाली बघून मन भरलं नाही, आता पाठीवरून खाली बघायचं आहे.

नाताळचं नाटक. तो मिसेस क्रम्पेट, गावची पाववाली विधवा. हे म्हातारीचं काम पुरुषानेच करायचं असतं आणि सगळं नाटक तिच्याच झग्याभोवती फिरतं. तिची गाय मार्मलेड, एका कातड्यात दोन माणसं शिरून केलेली. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: मिसेस क्रम्पेटचा बदली नट म्हणूनही मीच. रोलंडचा पाय मोडला, घसा बसला, तर तो झगा मी घालायचा. ती ओळ मी चार वेळा वाचली.

पुढच्या पायांत डिलिस नावाची वेल्श नर्तकी आहे, तिशीची, तोंडाने फटकळ. मला 'मागचे' म्हणते. "मागचे, दुपारी कांदा खाणार असाल तर आधी सांगा."

२५ नोव्हेंबर, बुधवार

तो आला. सगळी मंडळी उठून टाळ्या वाजवू लागली. मी शेपटीची दोरी सोडवत बसलो.

मीही ओळखतो ना याला. चेस्टरफील्डच्या कंपनीत दर सोमवारी नवं नाटक लागायचं, आणि याला एकही पाठ होत नसे. मी नोकर किंवा बटलर होऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राहायचो आणि ओठ न हलवता वाक्यं पुरवायचो. मला तिसऱ्या दिवशी सगळ्यांची कामं पाठ. आजही आहेत. मग १९६३ साली मँचेस्टरहून आम्हां दोघांना बोलावणं आलं, दूरदर्शनवरच्या नव्या मालिकेसाठी, सार्जंट बिडलच्या कामाच्या चाचणीला. हा सकाळी आठ वाजून दहाच्या गाडीने गेला आणि मी अंथरुणातच. त्याने मला उठवलं नाही. एवढीच ती गोष्ट आहे. त्यावर त्याचं सगळं आयुष्य उभं आहे.

एकवीस वर्षं 'मार्शगेट चौकी' चालली. एकवीस वर्षं तो दर शुक्रवारी हेल्मेट काढायचा, किटली ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी चहा, मग चोर." सगळा देश ते वाक्य म्हणत होता. माझा दातांचा डॉक्टर म्हणायचा, माझ्याच तोंडात हात घालून. मग लोण्याच्या जाहिराती, मग राजवाड्यातून पदक, मग जत्रांची आणि दवाखान्यांची उद्घाटनं. गेली तीन वर्षं मात्र कुठे दिसला नव्हता. मला वाटलं, संपला. मला बरं वाटलं होतं.

आज त्याने डिलिसला तीनदा नाव विचारलं आणि तिन्ही वेळा तिच्या हाताचा मुका घेतला. मोठ्या माणसांना लहानांची नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत. स्वेटरची बटणं चुकीच्या काजांत. हीसुद्धा एक अदा असणार. मधल्या सुट्टीत बोळात नुसता उभा होता, कुणीतरी येऊन दार उघडून देईल म्हणून. मी शेजारून निघून गेलो.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा कातड्यात शिरलो. आत जुन्या गालिच्याचा वास येतो. दूध काढायच्या प्रसंगात मिसेस क्रम्पेट गाईच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसते आणि गाईशी लांबलचक बोलते. चार वाक्यं झाली आणि तो थांबला. मग माझ्या ढुंगणावर त्याने फाडकन थाप मारली.

सगळे हसले. मी आत त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. आणि तरीही माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघालं, कुजबुजत, जुन्या सवयीने. दुसऱ्याचं वाक्य अडलेलं मला ऐकवत नाही, दाढ ठणकावी तसं होतं. त्याने ते लगेच उचललं. पुढे आणखी थाप, आणखी वाक्य. प्रसंग संपेपर्यंत सहा थापा.

"काय सुचतं हो तुम्हाला," दिग्दर्शक बार्नबी त्याला म्हणाला. बार्नबी चौतीस वर्षांचा आहे, लहानपणी बिडलची शिट्टी गळ्यात घालून हिंडलेला. "त्या थापा राहू द्या. लोक लोळतील."

"आधी चहा, मग चोर," रोलंड म्हणाला. पुन्हा सगळे हसले. त्याला काही विचारलं की तो हल्ली एवढंच म्हणतो, आणि एवढंच पुरतं.

२९ नोव्हेंबर, रविवार

मिसेस हॅलमने, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, मला न विचारता त्याला चहाला बोलावलं. खास पाहुण्यांचे कप काढले, जे मला अकरा दिवसांत दिसले नव्हते. तो त्याच्या लेकीला, हेस्टरला, घेऊन आला. ती पन्नाशीला टेकली आहे. रोज तालमीला पहिल्या रांगेत वही घेऊन बसते आणि बापाच्या प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवते, तुरुंगातल्या पहारेकऱ्यासारखी. पास्क घराण्याचा एक शब्द वाया जायला नको.

"मार्जरी कशी आहे?" त्याने मला विचारलं.

माझी बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. हा तिच्या अंत्यविधीला आला होता, माझ्याहून जास्त रडला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, फोटोसाठी रडतोय. फोटोवाला आला नव्हता, ते सोडा.

"गेली ती," मी म्हटलं.

"अरे रे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने माझा हात धरून ठेवला. पाव खाऊन झाल्यावर पुन्हा, "आणि मार्जरी कशी आहे रे?"

इतका दुष्टपणा मी कुणात पाहिला नाही. हेस्टर म्हणाली, "बाबा, अंडं गार होतंय." मिसेस हॅलम उठून उगीचच किटली बघायला गेल्या.

मग स्वारी चेस्टरफील्डच्या गप्पांत शिरली. तिथलं मात्र सगळं आठवतं त्याला, जिन्याच्या पायऱ्यांसकट. "आठ-दहाची गाडी होती," तो मिसेस हॅलमना सांगू लागला. "याचं दार मी एवढं वाजवलं, बोटं सोलली माझी. म्हटलं, ऊठ रे, सार्जंट तूच होणार आहेस, मला कुठे पाठांतर जमतंय. तर यानं बूट फेकून मारला. दाराला. केवढा आवाज. आदल्या दिवशी प्यायला होता भरपूर."

मिसेस हॅलम हसल्या. मी हसलो नाही. पस्तीस वर्षांनी माणूस असं काहीतरी बेमालूम रचतो, आणि तेही माझ्याच घरात, माझ्याच लोणच्याशी पाव खात. बूट वगैरे काही मला आठवत नाही. त्या आठवड्यात माझ्या एका बुटाची टाच तुटली होती हे खरं, पण ती रंगमंचाच्या पायरीवर.

२ डिसेंबर, बुधवार

आज शेवटचा प्रवेश बसवला. सगळी पात्रं जिन्यावरून एकेक करून उतरतात, शेवटी मिसेस क्रम्पेट मधोमध येते आणि यमकातल्या दोन ओळी म्हणून नाटक संपवते. त्या दोन ओळी तालमीत कुणीही म्हणायच्या नसतात. त्या पहिल्या प्रयोगाला, भरल्या थिएटरात, पहिल्यांदाच उच्चारायच्या. आधी म्हटल्या तर नाटकावर संकट येतं. माझ्या गुरूंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. बार्नबी संगणकावर रोषणाई करणारा पोरगा, पण त्यानेही मान डोलावली. रोलंड मधोमध आला आणि म्हणाला, "टिडली पॉम, टिडली पॉम," आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या. टिडली पॉमला.

त्या प्रवेशात गाय नसते. डिलिस आणि मी कातडं काढून, नुसत्या तपकिरी पायजम्यांत, रांगेच्या टोकाला उभे राहून हात हलवतो. हेस्टर पहिल्या रांगेतून बार्नबीला म्हणाली, "इथेही गाय बाबांच्या शेजारी ठेवता येणार नाही का?" बार्नबी म्हणाला, "लोकांना आतली माणसं बघायची असतात, मॅडम, ती गंमत आहे." तिने वहीत काहीतरी लिहिलं. बापाला सजवायला गाय हवी म्हणे. माझ्या चेहऱ्याला वर्षातून एकदा दोन मिनिटं उजेड मिळतो, तोही हिला खुपतो.

जाता जाता रोलंडच्या शर्टाच्या बाह्या शाईने बरबटलेल्या दिसल्या. दिवसभर सह्या देत असणार.

७ डिसेंबर, सोमवार

आज तेवीस थापा. ढुंगण हुळहुळतं आहे. डिलिस म्हणाली, "मागचे, तुम्ही सांगता म्हणून तो बोलतो, हे तुम्हाला कळतंय ना?"

"पाठांतर करायचा कंटाळा. पूर्वीपासूनच आहे," मी म्हटलं.

तिने गाईचं डोकं काखेत धरलं होतं. ते चढवून ती पुढे निघाली.

८ डिसेंबर, मंगळवार

इथल्या वर्तमानपत्रात मोठा मजकूर आला आहे. बातमीदार तालमीला येऊन बसला होता. सगळं कात्रण चिकटवत नाही, एकच वाक्य उतरवतो: 'अडुसष्टाव्या वर्षीही पास्क यांची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे, लांबलचक संवादात एक शब्द चुकला नाही.'

माझी आहे ती. ती स्मरणशक्ती माझी आहे. शेणाच्या जागी तोंड असलेल्या माणसाची आहे. मजकुरात माझं नाव कुठे आहे का, तर शेवटून दुसऱ्या ओळीत, 'इतर कलाकार'.

ठरलं. शुक्रवारी पहिल्या प्रयोगाला मी एक अक्षर पुरवणार नाही. मारू दे थापा. मी काही वाईट करणार नाही, कुणाला धक्का देणार नाही, काही नाही. फक्त गाईसारखा गप्प उभा राहीन. करारात गाईला बोलायचं काम नाही. आठशे लोकांसमोर एकदा तोंडघशी पडला की शनिवारी झगा माझा. बेचाळीस वर्षांत एकदा मधोमध उभं राहायचं आहे मला. यात पाप काय आहे?

१० डिसेंबर, गुरुवार

रंगीत तालीम उत्तम झाली. एकोणीस थापा, एकोणीस वाक्यं. बार्नबीने मला बाजूला घेतलं. "सिरिल, तुमचं मिसेस क्रम्पेटचं काम पाठ आहे ना? सहज विचारतो." मी म्हटलं, आहे. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. म्हणजे त्यालाही हा नकोच आहे. मी उगीचच स्वतःला एकटा समजत होतो.

निघताना हेस्टरने जिन्यात गाठलं. "सिरिलकाका," म्हणाली. ती सहा वर्षांची असल्यापासून मला काका म्हणायची, मालिका सुरू झाल्यावर बंद झालं होतं. म्हणजे मीच त्यांच्याकडे जायचं बंद केलं होतं, पण परिणाम एकच. "सिरिलकाका, तुम्ही रोज गाईत असाल ना? बदली वगैरे नाही ना करणार कुणाशी?"

"मी आणि कुठे जाणार," मी म्हटलं.

"बाबांनी तुमच्याशिवाय काम घेतलंच नसतं. त्यांना एकदाच करायचं होतं, शेवटचं. मी नको म्हणत होते." आणखी काहीतरी सांगायच्या बेतात होती, पण तिचा बाप वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या मुलीला पाहिलंत का?" ती हसली नाही. इतका मुरलेला विनोदी नट, आणि स्वतःच्या पोरीला हसवता येत नाही.

११ डिसेंबर, शुक्रवार

सव्वासातला पडदा. दुपारचे दोन झालेत. काही खाल्लं नाही. निश्चय पक्का आहे.

१२ डिसेंबर, शनिवार, सकाळ

जसं झालं तसं लिहितो.

तो झगा घालून रंगमंचावर आला आणि चार मिनिटं नुसत्या टाळ्या चालल्या. पहिले प्रवेश इतरांबरोबरचे, ते त्याने निभावले. मग दूध काढायचा प्रसंग. स्टुलावर बसला. चार वाक्यं. थाप.

मी गप्प.

दुसरी थाप. लोक हसले. तिसरी. लोक आणखी हसले. कातड्यावरून मला त्याचा हात कळत होता. तो थाप मारून हात उचलत नव्हता, ठेवून देत होता. पाचव्या थापेला थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. डिलिसने पुढून मला लाथ मारली. "सांगा ना त्याला," ती दात आवळून म्हणाली. तिला त्याची वाक्यं पाठ नव्हती, नाहीतर तिनेच सांगितलं असतं.

मग त्याने वाकून शेपूट उचलली आणि आत तोंड घालून म्हणाला, "सिरिल?"

आठशे माणसं लोळली. मी तो आवाज अगदी जवळून ऐकला. त्यात मिसेस क्रम्पेट नव्हती आणि बिडलही नव्हता. चेस्टरफील्डला पहिल्या सोमवारी पडदा उघडायच्या आधी तो माझी बाही धरून असाच म्हणायचा.

मी गप्प राहिलो. का राहिलो ते इथे लिहायला हवं, पण मला ठाऊक नाही. ठरवलं होतं म्हणून.

"आधी चहा, मग चोर," तो शेवटी म्हणाला, आणि छप्पर उडेल एवढ्या टाळ्या. बार्नबीने दिवे बदलून प्रसंग तोडला. माझा बेत फसला असं मला तेव्हा वाटलं, आणि रागच आला.

मग शेवटचा जिना. मी रांगेच्या टोकाला, पायजम्यात, तोंडावर उजेड. तो मधोमध आला, पिवळ्या फुग्याच्या झग्यात. वाद्यं थांबली. दोन ओळी. सगळे त्याच्याकडे बघताहेत. त्याने डावीकडे पाहिलं. डावीकडे राजपुत्र होता. त्याने राजपुत्राला हाताने चाचपून पाहिलं.

"गाय कुठंय?" तो म्हणाला.

लोक हसले.

"माझी गाय कुठंय?"

थोडे कमी हसले.

"गाय इथे होती. इथे डाव्या हाताला असते. कुणी नेली?" आता कुणी हसत नव्हतं. तिसऱ्या रांगेतल्या एका पोराने आईला काहीतरी विचारलं आणि आईने त्याला गप्प केलं. मी दहा पावलांवर होतो. त्या दोन ओळी मला पाठ होत्या. मी मनात म्हणत होतो, हे माझं वाक्य नाही, हे माझं वाक्य नाही.

डिलिस रांग सोडून गेली. तिने विंगेतून गाईचं रिकामं डोकं उचलून आणलं, त्याच्या डाव्या हाताखाली दिलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःच म्हणाली:

"गाय घरी, पाव ताटी, सरले सगळे हाल;
जपून जा रे, लेकरांनो, सुखात जावो साल."

पडदा. त्याने ते डोकं सोडलं नाही. गाडीत बसेपर्यंत काखेत होतं.

शनिवार, दुपार

बार्नबीचा निरोप आला. रोलंड पास्क पुन्हा काम करणार नाहीत. तीन वर्षांपासून असं आहे, हेस्टरने कंपनीपासून लपवलं होतं. अडीचचा खेळ माझा. कपडेपट सांभाळणारी आयरीन झगा आत घेते आहे, मी त्याच्याहून बारीक आहे.

लपवलं होतं, मग मला कसं कळणार? मला कुणी सांगितलं होतं का?

१३ डिसेंबर, रविवार

काल अडीच वाजता मी मधोमध उभा राहिलो. टाळ्या नियमाच्या होत्या. दोष काढायला जागा नव्हती.

झगा घालतानाच मनगटाला काहीतरी टोचत होतं. विंगेत उभं राहून डावी बाही उलटली. आत पांढऱ्या फितीचे तुकडे शिवलेले होते, टाके हेस्टरचे असतील, अक्षर त्याचं. धुवून न जाणाऱ्या शाईचं. 'तू मिसेस क्रम्पेट.' 'भट्टीच्या बाजूने आत ये.' 'पिवळी मुलगी तुझी लेक, नाटकातली.' असे सात-आठ. सगळ्यांत खाली, नाडीजवळ:

'गाय डाव्या हाताला. मागच्या पायांत सिरिल आहे. भिऊ नकोस.'

तेवढ्यात माझी वेळ झाली आणि मी स्टुलावर जाऊन बसलो. गाय डाव्या हाताला होती. मागच्या पायांत एक सुतार घातला होता, ऐनवेळी दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून. मी चार वाक्यं म्हटली आणि पाचवं आलं नाही. बेचाळीस वर्षांत मला कधी असं झालेलं नाही. मी हात उचलला आणि गाईच्या पाठीवर थाप मारली. आतून सुताराचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"दुधापेक्षा शेजारणी जास्त," गाईच्या तोंडातून डिलिस कुजबुजली. शुक्रवारनंतर तिने सगळं पाठ केलं होतं. मी ते वाक्य उचललं. तिने मला 'मागचे' म्हटलं नाही, पुढेही काही म्हटलं नाही, खेळ संपल्यावरसुद्धा नाही.

आयरीन कात्री घेऊन आली. "फिती उसवून टाकते, टोचत असतील तुम्हाला," म्हणाली. मी म्हटलं, बाकीच्या काढ, खालची राहू दे. तिने कारण विचारलं, मी बाही पुन्हा सरळ केली.

मी त्याला माफ केलेलं नाही. कशाबद्दल, ते आज सकाळपासून आठवत बसलो आहे. मिसेस हॅलमच्या जिन्यात कुणाचे तरी बूट वाळत ठेवले होते, ते पाहिले, आणि चेस्टरफील्डची ती खोली डोळ्यांसमोर आली, दाराच्या रंगावरचा टवका, आणि दारापलीकडे कुणीतरी माझं नाव घेत होतं, बराच वेळ.

उजव्या पायाचा होता. मीच फेकला होता.